पार्श्वभूमी : ब्रॉयलरचे शेड आणि औषधाला न जुमानणारे जंतू

सोलापूरसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात ब्रॉयलरचे, मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचे, शेड म्हणजे दीड-दोन महिन्यांनी हातात येणारा पैसा. करारावरच्या शेडमध्ये पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची; शेड, पाणी, वीज आणि राबणूक शेतकऱ्याची. कोणते औषध द्यायचे हे ठरवतो एक, पाजतो दुसरा. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या प्रश्नाचा बराचसा गुंता इथेच आहे.

1950 च्या सुमारास अमेरिकेत क्लोरटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक बनवताना उरणारा चोथा पिल्लांना घातला, तर त्यांचे वजन वाढले. तिथून अँटिबायोटिक खाद्यात शिरले. 1969 मध्ये ब्रिटनमधल्या एका समितीने जंतू औषधाला न जुमानण्याचा धोका सांगितला. युरोपने निव्वळ वाढीसाठीचा वापर पुरता थांबवायला 2006 उजाडले.

खरा घोळ शब्दांचा आहे. खाद्याच्या पोत्यात मिसळले की ते 'ग्रोथ प्रमोटर', म्हणजे वजन वाढवणारे. मर लागू नये म्हणून पाण्यातून दिले की 'प्रतिबंध'. मर लागल्यावर दिले की 'उपचार'. औषध मात्र तेच असू शकते. थोड्या मात्रेत, बरेच दिवस दिले की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या बाबतीत हा घोळ सर्वांत महागात पडला. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून 1970 नंतर माणसांसाठी ते जवळजवळ बाजूला पडले, जनावरांत मात्र चालू राहिले. पुढे अतिदक्षता विभागात बाकीची औषधे हरू लागली, तेव्हा डॉक्टरांना तेच शेवटचे शस्त्र म्हणून उचलावे लागले. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधून एमसीआर-1 या, जंतूला कोलिस्टिन न जुमानण्याची ताकद देणाऱ्या, जनुकाची बातमी आली. डुकरे, कोंबडीचे मांस आणि रुग्ण, तिन्हींकडे ते सापडले होते. ते प्लाझ्मिडवर, जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर, असते, म्हणजे एका जंतूकडून शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकते.

चीनने 2017 मध्ये कोलिस्टिनचा खाद्यातला वापर बंद केला, उपचाराची वाट मोकळी ठेवली. आपल्या केंद्र सरकारचा जुलै 2019 चा आदेश त्याहून कडक होता : अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन आणि खाद्यपूरके यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री, वितरण सगळेच बंद. वाद पेटला तो यावरच. ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूने लॉट, म्हणजे शेडमधल्या पक्ष्यांची अख्खी खेप, आजारी पडला तर द्यायचे काय, हा पोल्ट्रीवाल्यांचा सवाल खोटा नव्हता. मेलेले पिल्लू फाडले की यकृतावर आणि हृदयावर पांढरी साय धरलेली दिसते. ज्याने ती पाहिली, तो हातावर हात ठेवून बसू शकत नाही. तरीही माझ्या मते निर्णय बरोबरच होता. शेडमधल्या पाण्याच्या टाकीत भुकटी कालवली की ती उपचारासाठी की प्रतिबंधासाठी, हे कोण तपासणार? आजारी चार पक्ष्यांमागे सगळा लॉट तेच पाणी पितो. चीनमध्ये खाद्यातला वापर थांबल्यावर दोनेक वर्षांतच कोंबड्यांमधले कोलिस्टिनला दाद न देणारे जंतू कमी झाले, हेही विसरू नये.

उणीव राहिली ती दुसरीकडे. पाण्याच्या पाइपात आतून बुळबुळीत थर साचतो, जमिनीवर अंथरलेल्या ओल्या तुसातून अमोनिया डोळ्यांना झोंबतो, एप्रिल-मेच्या उन्हात पक्षी धापा टाकतात. ई-कोलायला वाट मिळते ती अशीच. पाइप धुणे, पाण्यात क्लोरीन, तूस हलवून कोरडे ठेवणे, हवा खेळती ठेवणे, हे बंदीइतक्याच जोराने शेतकऱ्यापर्यंत पोचवायला हवे होते. राणीखेत तर विषाणूचा रोग. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, लसच हवी.

2025 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिकांवरही अन्नासाठीच्या जनावरांपुरती बंदी आली. पण दोन्ही आदेश औषधाबद्दल आहेत. लॉट उचलल्यावर शेडमधले विष्ठा मिसळलेले तूस ट्रॉलीत भरून शेतात, डाळिंबाच्या बागेत खत म्हणून जाते. नीट कुजवले नाही, तर चिवट जंतू आणि त्यांची जनुके त्याच ट्रॉलीतून मातीत उतरतात. त्या ट्रॉलीबद्दल या आदेशांत एक ओळ नाही.