‘रोग ट्रूपर’: संग्रहाची पूर्वपीठिका आणि नावाचा वाद

सदाशिव पेठेतल्या एका वाचकगटाने येत्या बैठकीसाठी ‘रोग ट्रूपर’ या ब्रिटिश चित्रकथा-मालिकेचा संग्रह घेतला आहे. फळ्यावर नाव देवनागरीत लिहिलं आणि पहिली चौकशी आली ती आजाराची. साथीवरचं पुस्तक आहे का, असं दोघांनी अगदी गंभीरपणे विचारलं. मग मराठी नाव ठेवावं असं ठरलं, आणि तिथून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. हे टिपण थोडं संग्रहासाठी आणि बरंचसं त्या वादासाठी. निळा सैनिक, विषारी ग्रह, बोलणारी बंदूक एवढं सगळ्यांना माहीत आहे असं धरून चाललो आहे.

ब्रिटिश साप्ताहिकांतल्या चित्रमय युद्धकथा खूप जुन्या. खिशात मावणाऱ्या ‘कमांडो’ पुस्तिका १९६१पासूनच्या, आणि पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीचं जर्मन ‘अख्तुंग’पाशी सुरू होऊन तिथेच संपलं ते त्यांच्यामुळे. आपल्याला १९७६पासून सुरुवात केली तरी पुरे. त्या वर्षी ‘ॲक्शन’ नावाच्या मुलांच्या साप्ताहिकाला हिंसेवरून वर्तमानपत्रांनी झोडपलं आणि ऑक्टोबरात ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. काही आठवड्यांनी परतलं ते दात पाडलेल्या सापासारखं. त्याच प्रकाशनगृहाचं ‘२००० एडी’ हे साप्ताहिक फेब्रुवारी १९७७मध्ये निघालं. त्याची तयारी आधीच चालू होती, पण धडा ताजा होता: रक्त सांडायचंच तर यंत्रमानवाचं किंवा परग्रहवासीयाचं सांडा, म्हणजे अग्रलेख येत नाहीत. १९७९मध्ये तिथे ‘द व्हीसीज’ ही अवकाशयुद्धाची मालिका आली. ती लिहिणाऱ्यानेच पुढे आपला निळा सैनिक लिहिला.

तो अवतरला सप्टेंबर १९८१मध्ये, अंक २२८मध्ये. नॉर्ट आणि साऊदर हे दोन पक्ष (उत्तर आणि दक्षिण हे शब्द घासून झालेली नावं) नू-अर्थ नावाच्या ग्रहासाठी इतकी वर्षं लढत आहेत की तिथली हवाच रसायनास्त्रांनी मेली आहे. साधा सैनिक मुखवटा आणि बंद पोशाख याशिवाय श्वास घेऊ शकत नाही. साऊदरांनी यावर तोड काढली ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या, ती हवा पचवणाऱ्या निळ्या सैनिकांची. पहिल्याच मोहिमेत फितुरी होते, क्वार्ट्झ झोनमध्ये त्यांची कत्तल होते, आणि एकच जण उरतो. तो फितूर सेनापतीच्या शोधात परवानगीशिवाय निघून जातो. ‘ट्रेटर जनरल’चं मराठी करताना गटात कुणी भांडलं नाही. सूर्याजी पिसाळ म्हटलं की काम झालं.

मालिका सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १९८२च्या वसंतात, ब्रिटन खरोखर फॉकलंडच्या लढाईत उतरलं. पण मालिकेच्या खंदकांत, चिखलात आणि वायूत दिसतं ते पहिल्या महायुद्धातलं, १९१५चं, बेल्जियममधलं ईप्र. तिथे एप्रिलमध्ये क्लोरीन सोडला गेला तेव्हा काही दिवसांतच लाहोर डिव्हिजनचे हिंदी शिपाईही त्या वायूत ढकलले गेले, ही आठवण ब्रिटिश वाचकांपेक्षा आपल्याला जवळची असायला हवी. मला स्वतःला जे सुटे अंक मिळाले ते १९८५मध्ये, कॅम्पातल्या फुटपाथवर, रद्दीच्या भावात. भोपाळ होऊन काही महिनेच झाले होते. मुखवट्याविना धावणाऱ्या माणसाचं चित्र तेव्हा विज्ञानकथा वाटलं नाही.

आता नाव.

इंग्रजी ‘रोग’ म्हणजे लबाड, बदमाश, आणि कळपातून फुटून बिथरलेला हत्तीही. वरिष्ठांच्या दृष्टीने हा सैनिक पळपुटा, म्हणून त्याला हे नाव शोभतं. देवनागरीत मात्र तो ‘रोग’च होतो आणि रोगट हवेच्या ग्रहावर ते अपघाताने बसतंही. तेवढ्यावर कुणाचं समाधान झालं नाही. गटातल्या बहुमताने ‘एकांडा शिलेदार’ सुचवलं. कानाला गोड, वाक्प्रचार घरचा, पेशवाईचा वास असलेला. मी विरोधात होतो आणि आहे.

शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. घोडा मेला तर नुकसान त्याचं, आणि पटलं नाही तर घोड्यावर टांग टाकून दुसऱ्या सरदाराकडे जाण्याची सोयही त्याचीच. बारगीर तसा नाही. त्याचा घोडा सरकारी, हत्यार सरकारी, तो पागेचा माणूस. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती उतरंड. आता मूळ मालिकेतला शब्द बघा. या निळ्या सैनिकांना ‘जी.आय.’ म्हणतात. विस्तार ‘जेनेटिक इन्फंट्रीमन’, म्हणजे जनुकीय पायदळी. पण कोटी आहे ती अमेरिकी शिपायाला चिकटलेल्या ‘जी.आय.’वर, ज्याचा रूढ अर्थ ‘गव्हर्नमेंट इश्यू’, सरकारी पुरवठा. अमेरिकी सैन्याच्या सामानाच्या याद्यांत या अक्षरांचा त्याहून जुना अर्थ होता ‘गॅल्व्हनाइज्ड आयर्न’, जस्त चढवलेल्या लोखंडाच्या बादल्या. बोहरी आळीत जाऊन ‘जी.आय.’ मागा, आजही जस्ताचा पाइपच हातात पडेल. म्हणजे बादलीला लावलेली अक्षरं माणसाला लागली, आणि या कथेत तर माणूसच कारखान्यातून निघाला. त्याची कातडी, फुप्फुसं, रक्त सगळं सरकारजमा. बारगिराचा निदान देह तरी स्वतःचा होता. याला शिलेदार म्हणणं म्हणजे कथेचा कणाच काढून घेणं.

आणि तो एकांडा तरी कुठे आहे? मेलेल्या सैनिकाची स्मृती आणि स्वभाव एका चिपमध्ये असतो. मिनिटभरात ती काढून एखाद्या उपकरणाच्या खाचेत बसवली तर तो ‘टिकतो’. याच्या बंदुकीत गनर आहे, शिरस्त्राणात हेल्म आहे, पाठपिशवीत बॅगमन आहे. (तिघांची नावं मरणाआधीपासून हीच होती. नाव आधी आणि नशीब नंतर, यावर वाचक चाळीस वर्षं हसताहेत.) तिघे अखंड बोलतात, टोमणे मारतात, बंदूक तर भांडतेही. मेल्यावरसुद्धा चाकरीतून सुटका नाही, सरकारी सामानातच मुक्काम. बारगीर या फारसी शब्दात ‘बार’ म्हणजे ओझं आहेच. हा माणूस आपल्या पागेचं ओझं पाठीवर घेऊन फिरतो. मी ‘बारगीर’ सुचवलं. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, शब्द मेला आहे, कॉलेजच्या मुलांना कळणार नाही. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, मग ‘फरारी’ ठेवा, तो पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत जिवंत आहे. त्यात तथ्य आहे हे मान्य. तरी फरारीत पळणं आहे, त्या माणसाचं कुणाचं तरी असणं नाही.

संग्रहांचा इतिहास याच्या मानाने सरळ. साप्ताहिकात दर आठवड्याला मोजकी पानं, शेवटच्या चौकटीत धक्का, स्वस्त कागद. पहिल्या चित्रकाराने ग्रह, पोशाख, शस्त्रं सगळं रचलं आणि तो लवकरच बाजूला झाला. पुढे अनेक हात लागले. ऐंशीच्या दशकातच मोठ्या आकाराचे काळे-पांढरे अल्बम निघाले. अमेरिकेसाठी रंगवून काढलेल्या आवृत्त्यांत तिथल्या अरुंद पानात बसवायला चित्रं चक्क ताणली, त्यामुळे सगळेच सैनिक उंच आणि कुपोषित दिसतात. त्या न घेतलेल्या बऱ्या.

सूड पुरा झाल्यावर मालिकेचं काय करायचं हे कुणालाच उमगलं नाही. त्याला भाडोत्री मारेकरी करून पाहिलं, तो प्रयोग अर्धवट सुटला. १९८९मध्ये त्याच पहिल्या चित्रकाराने, या वेळी लेखक म्हणून, सगळं नव्याने मांडलं: नवा नायक फ्रायडे, रंगवलेली देखणी पानं, जास्त गंभीर सूर. अनेकांना तेच श्रेष्ठ वाटतं. मला त्यात बंदुकीची बडबड आठवत राहते. मग नव्वदच्या दशकात दोन्ही नायक एकाच विश्वातले आहेत हे जुळवताना जे धागे घातले गेले, त्यांचा गुंता सोडवायला वेगळं टिपण लागेल, आणि ते मी लिहिणार नाही.

२००० साली साप्ताहिक एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने विकत घेतलं. तिथून चित्र बदललं. जुनी मालिका खेळ म्हणून २००६मध्ये आली, २०१७मध्ये नव्या रूपात पुन्हा आली, आणि २०१८मध्ये चित्रपटाची घोषणा झाली. मधल्या काळात, २०१०च्या आसपास, ‘टेल्स ऑफ नू-अर्थ’ हे जाडजूड खंड निघाले. मूळ मालिका सलग वाचायची सोय त्यांनी केली. शिवाय २०१४पासून ‘येगर’ ही उपमालिका आहे. तिची नायिका नॉर्टांची, आणि ती आपल्याच बाजूच्या युद्धगुन्हेगारांमागे लागते. मूळ कथेत नॉर्ट म्हणजे निव्वळ नाझीछाप गणवेश होते. तेहतीस वर्षांनी मुखवट्याआडचा चेहरा बघायला मिळाला, हे थोडं उशिराच झालं.

सलग वाचताना एक अडचण येते. दर भागात बंदूक, टोप आणि पिशवी कोण हे नव्या वाचकासाठी पुन्हा सांगितलेलं आहे. आठवड्याला एकदा ते खपायचं, एका बैठकीत कंटाळा येतो. माझ्यासारख्याने तर ही कथा भोकं पडलेलीच वाचली: एक अंक मिळाला, पुढचे सहा नाहीत, मग फितूर हाताशी आलेला आणि पुन्हा निसटलेला. मधलं मी मनाने भरून काढलं होतं. खंडात ते वेगळंच निघालं, आणि दोन ठिकाणी माझं जास्त बरं होतं.

बैठकीला पहिलाच खंड आहे, त्यामुळे फ्रायडे आणि भाडोत्री मारेकरी दोघेही टळले. फळ्यावर सध्या ‘एकांडा शिलेदार’ आहे. त्याखाली खडूने कुणीतरी ‘(बारगीर)’ लिहिलं आहे. ते अक्षर माझं नाही.