कलोनियल विल्यम्सबर्ग

कलोनियल विल्यम्सबर्ग : अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील संग्रहालय-नगर. अठराव्या शतकातले रोजचे जगणे इथे वेशधारी माणसे प्रत्यक्ष करून दाखवतात. जेम्स आणि यॉर्क या नद्यांच्या मधल्या भूभागावर सुमारे 301 एकरांत ते पसरले आहे. 1699 ते 1780 या काळात विल्यम्सबर्ग ही व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीची राजधानी होती. पुढे ती रिचमंडला गेली आणि गाव मागे पडले. आज गावात शिरल्यावर जे साल चालू असते ते बहुधा 1774 ते 1776 यांपैकी एक. पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी कारभार हाती घेतला, तोच हा सुमार.

वेश घालून काम करणाऱ्या या माणसांना तिकडे ‘इंटरप्रिटर’ म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही. ‘काळाचा दुभाषा’ म्हटले तर बरेच जवळ जाते. त्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचा दुभाषा स्वतःला त्या काळातलाच मानून बोलतो. जॉर्ज वॉशिंग्टन, टॉमस जेफरसन, वसाहतीतला फर्डा वक्ता पॅट्रिक हेन्री ही मंडळी अशी भेटतात. त्यांना उद्या काय घडणार याचा पत्ता नसतो, आणि समोर मोबाइल धरला तरी ते ओळख दाखवत नाहीत. दुसऱ्या प्रकारात वेश जुना, पण बोलणे आजचे. बहुतेक कारागीर या प्रकारात मोडतात. ‘तेव्हा असे करत, आता आम्हाला अमुक एक गोष्ट मिळत नाही म्हणून तमुक वापरतो’ असे ते मोकळेपणाने सांगतात. आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाच्या वेशात दाराशी येऊन वॉरंट काढतो, तेव्हा घरातल्यांना सोंग कळलेलेच असते आणि गंमतही त्यातच असते. इथला करार तोच आहे. मात्र इथल्या सोंगाच्या बटणापासून बोलीपर्यंत प्रत्येक गोष्टीला कागदाचा किंवा उत्खननाचा आधार शोधला जातो.

गावाचा मुख्य रस्ता म्हणजे ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट. एका टोकाला 1693 साली स्थापन झालेले विल्यम अँड मेरी कॉलेज, दुसऱ्या टोकाला कॅपिटॉल म्हणजे विधानसभेची इमारत, आणि मधले अंतर मैलभराच्या आत. रस्त्यावरून फिरायला तिकीट लागत नाही. घरांत आणि कारखान्यांत शिरायला लागते. वॉशिंग्टन शहराच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन इथे येतात, तेव्हा पुष्कळदा रस्ता, घोडागाडी आणि न्यायालयाबाहेरच्या खोड्यात मान घालून काढलेला फोटो एवढ्यावर आटोपते. हे नुकसानीचे आहे. कारागिराच्या दारात उभे राहून प्रश्न विचारल्याशिवाय हे गाव बोलत नाही.

कारागीर नट नव्हेत, हे आधी लक्षात घ्यावे. लोहार, पिंपे करणारा, चाके घडवणारा, केसांचे टोप विणणारा, चांदीकाम करणारा, मोची, सुतार अशा डझनावारी धंद्यांत माणसे उमेदवार म्हणून लागतात आणि कित्येक वर्षांनी उस्ताद होतात. लोहाराने ठोकलेले खिळे याच गावातल्या बांधकामांना जातात. वीटकाम तर पाहण्यापेक्षा करण्याचे आहे. उन्हाळ्यात पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, अनवाणी पायांनी गारा तुडवायला उतरवतात. घोट्यापर्यंत रुतणारी ती गार, चिकट माती पायाला सोडत नाही आणि बाहेर काढताना पाय ‘फच्च’ असा आवाज करतो. मग लाकडी साच्यात गोळा आपटायचा, वरचा भाग खरवडून सपाट करायचा आणि वीट सुकायला मांडायची. वर्षभराच्या विटा शरद ऋतूत रचून लाकडाच्या जाळावर भाजतात. सांगलीकडची वीटभट्टी पाहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. अमेरिकन मुलांना मात्र ती सबंध सहलीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

छापखान्यात मराठी वाचकाला ओळखीचे जग दिसते : छपाईच्या धातूच्या अक्षरांचे म्हणजे खिळ्यांचे खण, उलटी अक्षरे वाचत खिळे जुळवणारा, कातड्याच्या दोन गोळ्यांनी मजकुरावर थापली जाणारी शाई आणि दांडा ओढताच करकरणारे लाकडी यंत्र. ‘व्हर्जिनिया गॅझेट’ हे वसाहतीतले वृत्तपत्र विल्यम पार्क्सने 1736 मध्ये इथून सुरू केले. या पत्राच्या जुन्या अंकांतल्या जाहिराती आज गावाच्या पुनर्रचनेला फार मोठा आधार देतात.

कापडचोपडाच्या दुकानात तर हिंदुस्थानच मांडून ठेवलेला असतो. ज्याला इंग्रज ‘चिंट्झ’ म्हणत ते आपले चीट, आणि ‘पॅलमपोर’ म्हणजे पलंगपोस. पगडीसारखा केसांचा टोप उतरवून घरी आरामात बसताना श्रीमंत पुरुष जो सैल झगा घालत त्याला ‘बॅनियन’ म्हणत. हा शब्द ‘वाणी’ या अर्थाच्या गुजराती शब्दावरून इंग्रजीत गेला, आणि मराठीत परतला तो अंगात घालायचा बनियन होऊन. ईस्ट इंडिया कंपनीचा माल दोन्ही बाजूंना कसा फिरत होता, हे या दुकानातल्या एका फळीवर जितके स्पष्ट होते तितके पुस्तकातून क्वचितच होते. विल्यम्सबर्गजवळच यॉर्कटाउन आहे. तिथे 1781 मध्ये अमेरिकनांना शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला आणि 1792 मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचा दोस्त म्हणून उभा राहिला.

आजचे गाव मात्र अठराव्या शतकाइतकेच विसाव्या शतकाचे अपत्य आहे. ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मोपदेशक डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांनी धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना या कल्पनेत ओढले. 1926 च्या डिसेंबरात रॉकफेलरांनी पहिले घर घेण्यास तारेने संमती दिली. तारेत घराला ‘जुनी वस्तू’ म्हटले होते आणि खाली सही होती ‘डेव्हिडचे वडील’. नाव फुटले तर भाव चढतील म्हणून ही लपवाछपवी. गुडविन एकेक घर घेत सुटले, आणि पैसा कोणाचा हे गावकऱ्यांना 1928 च्या सभेत कळले. बहुतेकांनी होकार दिला. एकाने मात्र विचारले की उद्या आपण कार्डावर टाचणीने टोचलेल्या फुलपाखरासारखे होणार नाही ना. अठराव्या शतकानंतरच्या सातशेच्या आसपास इमारती पाडल्या गेल्या. 88 मूळ इमारती दुरुस्त झाल्या आणि बाकीच्या पायावरून नव्याने उभ्या राहिल्या. गव्हर्नरचा वाडा 1781 मध्ये जळाला होता. तो जेफरसनने काढलेला आराखडा आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सापडलेला, वाड्याचे चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा यांच्या आधारे बांधून 1934 मध्ये खुला झाला.

कॅपिटॉलची गंमत जाणकारांनाच ठाऊक असते. उभारलेली इमारत ही पहिल्या कॅपिटॉलची प्रतिकृती, आणि ते तर 1747 मध्येच जळाले होते. पॅट्रिक हेन्रीने 1765 मध्ये कागदपत्रांवर कर लादणाऱ्या ब्रिटिश स्टँप कायद्याविरुद्ध भाषण केले ते त्या जागी नंतर बांधलेल्या दुसऱ्या इमारतीत. पहिल्या इमारतीची चित्रे आणि नोंदी अधिक मिळाल्या, ती दिसायलाही देखणी, म्हणून तिची निवड झाली. स्वच्छता हाही असाच जुना आक्षेप. खऱ्या गावाला इतकी सावली आणि इतकी नीटनेटकी कुंपणे लाभली असणे कठीण. त्या काळाशी इमान राखते ती बहुधा घोड्यांची लीद.

यापेक्षा मोठी उणीव माणसांची होती. अमेरिकन क्रांतीच्या वेळी गावातले निम्म्याहून अधिक लोक काळे, आणि त्यांतले बहुतेक गुलाम होते. तरीही अनेक दशके पाहुण्यांना प्रामुख्याने गोरे देशभक्तच भेटत. 1979 मध्ये काळ्या कलावंतांनी गुलामांच्या भूमिका करायला सुरुवात केली. 10 ऑक्टोबर 1994 रोजी संग्रहालयाच्याच क्रिस्टी कोलमन यांच्या पुढाकाराने गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला. विकल्या जाणाऱ्यांपैकी एक भूमिका त्यांनी स्वतः केली. दुःखाचा तमाशा मांडता, असे म्हणत नागरी हक्क संघटनांचे लोक विरोधाला आले; त्यांतल्या एका नेत्याने प्रयोग पाहिल्यावर मत बदलले. लिलाव पुन्हा केला गेला नाही. हे काम सोपे नाही : दिवसभर गुलामाचे सोंग घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सहलीला आलेल्यांचे वाटेल ते प्रश्न झेलावे लागतात, आणि वेश उतरला तरी ते सगळे उतरत नसावेत.

गोवन पँफ्लेट हा गुलाम धर्मोपदेशक आज रस्त्यावर भेटतो. तो ज्या मंडळीशी जोडलेला होता त्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची परंपरा 1776 पर्यंत मागे जाते, पण त्यांची एकोणिसाव्या शतकातली इमारत संग्रहालयानेच 1950 च्या दशकात घेऊन पाडली आणि जागेवर पुढे वाहनतळ झाला. 2020 पासून तिथे उत्खनन झाले. आधीच्या प्रार्थनाघराचा पाया आणि साठहून अधिक कबरी सापडल्या.

काळ्या मुलांसाठी 1760 ते 1774 दरम्यान ब्रे स्कूल चालले. ॲन वेजर नावाची विधवा तिथे वाचन आणि धर्म शिकवी. गुलामगिरी ईश्वराचीच योजना आहे, हा त्या धर्मशिक्षणाचा एक भाग होता. ही इमारत कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच नावाने उभी होती. तिची ओळख पटल्यावर 10 फेब्रुवारी 2023 रोजी ती अख्खी चाकांवर चढवून संग्रहालयाच्या हद्दीत आणली गेली. शाळेच्या पटावर आयझॅक बी हे नाव आहे. 1774 च्या सप्टेंबरात तो पळाला तेव्हा मालकाने ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये जाहिरात दिली : त्याला वाचता येते, लिहिता येते की नाही ते मला माहीत नाही, पण कोणाकडून तरी खोटा परवाना लिहून घेणे त्याला सहज जमेल.