पोट आत ओढणे आणि ओटीपोटाचा तळ उचलणे

बाळंतपणानंतर शिंक आली, खळखळून हसू आले किंवा पाण्याची बादली उचलली की थोडी लघवी निसटते, ही तक्रार अनेकजणी आईजवळसुद्धा काढत नाहीत. धीर करून डॉक्टरांना विचारले, तर ‘पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, व्यायाम करा’ असा सल्ला मिळतो आणि घरी येऊन केले जाते ते पोट आत ओढणे. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मीही दीड महिना मनोभावे तेच करत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझाच हात बेंबीवर ठेवायला सांगून ‘आता आवळा’ म्हटले, तेव्हा पोट पाठीला लागले, श्वास कोंडला, मांड्या आणि नितंब घट्ट झाले. ज्या स्नायूंसाठी हा सगळा खटाटोप होता, ते मात्र जागचे हललेही नव्हते.

पोटाचे स्नायू ही पोटाच्या पोकळीची पुढची आणि बाजूची भिंत आहे. पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू त्या पोकळीचा तळ आहेत. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ते झोळीसारखे पसरलेले असतात आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून तोलून धरतात. गरोदरपणात या झोळीवर महिनोन्महिने भार असतो, त्यामुळे सिझेरियन झालेल्या बाईलाही हे व्यायाम लागतात. योनीमार्गे प्रसूती झाली असेल, तर हे स्नायू त्याखेरीज बरेच ताणलेलेही असतात.

भिंत आवळली की तळ आपोआप उचलला जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण श्वास रोखून पोट जोरात आवळले, तर पोटातला दाब वाढतो आणि तो आधीच ताणलेल्या झोळीवर येतो. म्हणजे शौचाला कुंथताना जे घडते, तेच आपण व्यायाम समजून दिवसातून अनेकदा करत राहतो. 1991 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 47 महिलांना केवळ तोंडी सूचना दिल्या होत्या. त्यांपैकी जवळपास निम्म्यांनाच व्यायाम नीट जमला आणि सुमारे चौथा हिस्सा महिलांची पद्धत लघवीची तक्रार वाढवू शकेल अशी होती. ज्यांच्या नावाने हे व्यायाम ओळखले जातात, त्या डॉ. आर्नल्ड कीगल यांनीही 1948 साली आपली पद्धत मांडताना योनीतला दाब दाखवणारे उपकरण वापरले होते, जेणेकरून योग्य स्नायू आकसत आहेत की नाहीत, हे त्या बाईला स्वतः पाहता यावे.

घरी ओळखायचे असेल, तर गुडघे दुमडून कुशीवर किंवा पाठीवर निजावे आणि एक हात बेंबीवर ठेवावा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळतो ते आवळावे, त्याच वेळी लघवी रोखल्यासारखे करावे आणि ते सगळे आत, वर ओढावे. श्वास चालू राहिला पाहिजे. बेंबीखाली किंचित ओढ जाणवली तर काही बिघडत नाही, पण बरगड्यांखालचे पोट खपाटीला जाऊ नये. हाती धरलेल्या आरशात पाहिल्यास योनी आणि गुदद्वार यांमधला भाग आत जाताना दिसतो. तो आरशाच्या दिशेने फुगत असेल, तर आपण उचलत नसून ढकलत आहोत आणि तिथेच थांबावे. लघवी करताना मध्येच धार तोडण्याचा व्यायाम मात्र करू नये, कारण त्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही.

योग करणाऱ्यांना हा फरक चटकन उमगेल: मूलबंधात तळ आकसतो, उड्डियानबंधात पोट आत जाते आणि तिथे दोघांना एक कोणी म्हणत नाही.

बाळंतिणीचे पोट बांधण्याने पोटाला आणि पाठीला आधार वाटतो, हे खरे. तळाचे स्नायू त्याने बळकट होत नाहीत, आणि पट्टा फार करकचून बांधला तर दाब खालीच जातो.

बाळंतपणात लघवीसाठी नळी घातली असेल, तर ती काढल्यावर लघवी नीट होऊ लागली की, दुखणार नाही इतपत हलके आकसणे सुरू करता येते. टाके गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. एका वेळी किमान 8 वेळा, दिवसातून 3 वेळा आणि निदान 3 महिने, हे प्रमाण साधारणपणे सांगितले जाते. सुरुवातीला 2–3 सेकंद धरून ठेवता आले तरी पुरे. हळूहळू ते 10 सेकंदांपर्यंत न्यावे आणि प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडावे, कारण सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. आकसल्याचे काहीच जाणवत नसेल, दुखत असेल किंवा खाली जड गोळा आल्यासारखे वाटत असेल, तर संख्या वाढवत न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

व्यायाम अंगवळणी पडला की तो कामात आणावा. बाळाला पाळण्यातून उचलण्याआधी, खोकला येतोय असे वाटताच, आधी तळ वर ओढावा आणि मग श्वास सोडत बाळाला उचलावे.