२५ डिसेंबर ही येशूची जन्मतारीख आहे का?

‘बायबलमध्ये २५ डिसेंबर कुठेच नाही, मग नाताळ खरा कसा?’ असा प्रश्न दर डिसेंबरला फिरतो. पहिला भाग बरोबर आहे. येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं. त्यांच्या लेखकांपैकी मत्तय आणि लूक जन्माची कथा सांगतात, पण दिवस-महिना देत नाहीत. आर्मेनियन चर्च तर हा सण ६ जानेवारीला पाळते. रोममध्ये २५ डिसेंबरची नोंद सापडते ती थेट चौथ्या शतकात.

चूक आहे ती नाताळला निव्वळ वाढदिवस समजण्यात. तारीख चर्चने ठरवली. श्रद्धेचा गाभा वेगळाच आहे. मत्तय बाळाला ‘इम्मानुएल’ म्हणतो, म्हणजे ‘आम्हांबरोबर देव’. आणखी एक शुभवर्तमानकार योहान गोठा, मेंढपाळ यांतलं काहीच सांगत नाही. तो एवढंच म्हणतो की ‘शब्द’, म्हणजे देवाचं रूप असलेला येशू, देही झाला, माणूस झाला आणि आपल्यात राहिला. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकण्याचा अर्थ आहे. मला हे चित्र फार जवळचं वाटतं: देव लांबून पाहत नाही, आपल्या वस्तीत बिऱ्हाड करतो. तेही गव्हाणीत, कारण उतारशाळेत जागा नव्हती. आणि मत्तयाचं शुभवर्तमान संपतं तेही येशूच्या याच वचनाने, की मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे.