कर वाचवणं हे कंपनीचं कायदेशीर कर्तव्य नाही

‘भागधारकांसाठी कर कमीत कमी भरणं संचालकांवर कायद्यानेच बंधनकारक आहे,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्याचं कलम १७२ पाहा. संचालकांनी कंपनीच्या यशासाठी काम करावं, पण ते करताना दूरगामी परिणाम, कर्मचारी, समाज आणि कंपनीचा नावलौकिक यांचाही विचार करावा, असं त्यात आहे. कर टाळण्याचा आदेश नाही. अमेरिकेत न्यायमूर्ती लर्नेड हँड यांचा १९३४ चा निकाल पुढे केला जातो. सरकारी तिजोरीला जास्तीत जास्त पैसा देणारा मार्ग निवडायला कुणी बांधील नाही, असं ते म्हणाले होते. ही मुभा झाली, सक्ती नव्हे. शिवाय त्या खटल्यात करदाता हरला होता, कारण व्यवहार फक्त कर चुकवण्यापुरता कागदावर उभा केलेला होता! हा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

प्रत्यक्षात काय होतं? समजा, नफा १०० आणि कर २५ टक्के. कंपनी आपलं बोधचिन्ह ५ टक्के कराच्या देशातल्या उपकंपनीच्या नावावर करते आणि ते वापरण्याचं शुल्क म्हणून तिला ८० रॉयल्टी देते. इथे उरलेल्या २० वर कर ५, तिथे ८० वर ४. एकूण ९, म्हणजे २५ ऐवजी ९. त्या उपकंपनीत निर्णय घेणारी माणसंच नसतील, तर रॉयल्टीचा दर कर खात्याच्या तपासणीत टिकणं अवघड असतं. मग मागचा कर व्याज-दंडासह भरावा लागू शकतो.

तेव्हा अशी रचना ही संचालकांनी केलेली निवड असते आणि तिचा जाब त्यांना विचारता येतो.