पेआनो कोण? नाव आणि वर्णन यांची गल्लत

‘विशेषनाम म्हणजे एखाद्या वर्णनाचं लघुरूप’ हा समज अजून टिकून आहे. तो तपासायला पेआनो पुरे. बहुतेकांना या गणितज्ञाबद्दल एवढंच ठाऊक असतं, की नैसर्गिक संख्यांची गृहीतकं त्यानं शोधली. पण पेआनोचं पुस्तक १८८९ चं, आणि डेडेकिंड या दुसऱ्या गणितज्ञानं ती १८८८ मध्येच मांडली होती.

आता नावाच्या जागी वर्णन ठेवा: ‘ही गृहीतकं शोधणारा इटालियन होता.’ वाक्य डेडेकिंडकडे वळलं आणि खोटं ठरलं, कारण तो जर्मन. ‘पेआनो इटालियन होता’ मात्र पेआनोबद्दलच आहे आणि खरं आहे. माहिती चुकली, नेम नाही चुकला.

तत्त्वज्ञ सॉल क्रिप्कीनं १९७० च्या प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत याचं कारण दिलं: बारशाला नाव चिकटतं, मग तोंडोतोंडी पुढे जातं, आणि निर्देश, म्हणजे नाव कुणाकडे बोट दाखवतं ते, त्या साखळीवर टिकतो. (शब्दार्थाचं तर विचारूच नका, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.)

ही साखळीही भरवशाची नाही. तत्त्वज्ञ गॅरेथ एव्हन्सनं १९७३ मध्ये मादागास्करचं उदाहरण दिलं: हे नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या भागाचं होतं, मार्को पोलोच्या गैरसमजातून बेटाला लागलं. साखळी अखंड होती, तरी नाव सरकलं.