अंड्यावर संक्रांत आणि खारीला माफी

लिपिड प्रोफाइलच्या (रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक अक्षरात दिसला की आपल्याकडे पहिली संक्रांत येते ती अंड्याच्या बलकावर. आमच्या बाबांचंही तेच. बलक काढून नुसतं पांढरं खायचे आणि चार वाजता चहात तीन-तीन खाऱ्या बुडवायचे, वर म्हणायचे मी पथ्य पाळतोय.

एका अंड्यात साधारण 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरंच आहे, पण रक्तात फिरणारं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि खाण्यातून जरा जास्त आलं तर बहुतेकांचं शरीर तेवढं बनवणं कमी करतं. परिणाम अगदी शून्य नाही, पण वाटतो तेवढा मोठाही नाही.

खरी गडबड सॅच्युरेटेड फॅटची, म्हणजे लोण्या-तुपासारख्या थंडीत घट्ट होणाऱ्या चरबीची. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात (ते शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीनना 1985 चं नोबेल मिळालं). लोणी, वनस्पती तूप, पामतेल असलं रोज पोटात गेलं की हे रिसेप्टर कमी होतात, मग एलडीएलला कोणी उचलायलाच नाही, ते रक्तात फिरत राहतं, धमनीच्या अस्तरात घुसतं, तिथे वर्षानुवर्षं थर साचतो आणि एक दिवस तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली की अटॅक. आता खारीचे ते पापुद्रे कशाने सुटतात सांगा! वनस्पती किंवा मार्गरीननेच ना. 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) 2 टक्क्यांच्या वर चालत नाही, चांगलंच झालं, पण सॅच्युरेटेड आहे तिथेच आहे.

आणि तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून खुश होऊ नका, शेंगदाण्यात कधी कोलेस्टेरॉल होतं? खोबरेलही कोलेस्टेरॉल फ्रीच, पण त्यातलं 80 टक्क्यांच्या वर फॅट सॅच्युरेटेड.

खाण्यात बदल करून फरक पडतो का? फिनलंडच्या नॉर्थ कॅरेलियात 1972 पासून हेच केलं. ब्रेडवर लोण्याचा थर आणि सायीसकट दूध हा तिथला रोजचा खुराक आणि ऐन कामाच्या वयात पुरुष हार्ट अटॅकने जायचे. लोणी कमी केलं, तेल-भाज्या वाढवल्या, सिगारेटही सोडवल्या, आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्या वयाच्या पुरुषांमधले हृदयरोगाचे मृत्यू 80 टक्क्यांच्या आसपास घटले. सगळं श्रेय लोण्याला देता येणार नाही, पण मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरल्याचाच.

आपलं इसबगोल पण यात कामाचं आहे बरं का, ते आतड्यात पित्ताला (लिव्हर कोलेस्टेरॉलपासून बनवतं त्या पाचकरसाला) धरून बाहेर नेतं, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलंच कोलेस्टेरॉल उचलतं. मात्र काही घराण्यांत ते रिसेप्टरच जन्मापासून बिघडलेले असतात, पस्तिशी-चाळिशीत अटॅक येतात, तिथे बलक काढा नाहीतर खारी सोडा, नुसत्या पथ्याने भागत नाही, स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लागतेच आणि घरातल्या पोरांचंही रक्त लवकर तपासून घ्यावं लागतं.